उपयोगाच्या कामाला पगार कमी का, आणि चांगला पगार असूनही काम पोकळ का वाटतं?

पानगळ:

खूप दिवस हे डोक्यात घोळतंय, ऑफिसात कोणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहितेय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी एका मोठ्या कंपनीत आहे. काम म्हणजे काय तर सगळ्या विभागांकडून आकडे मागवायचे, ते एका साच्यात बसवायचे, त्याचा रिपोर्ट करायचा, तो वर पाठवायचा, मग वरच्यांना त्याचं प्रेझेंटेशन हवं असतं ते करायचं, आणि ते होईपर्यंत पुढच्या महिन्याचे आकडे मागवायची वेळ झालेली असते. मध्यंतरी विभागांची फेररचना झाली त्यात यातला एक रिपोर्ट बंदच झाला, कितीतरी वर्षं चालू असलेला, आणि तो येत नाहीये हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. एकाही माणसाने विचारलं नाही की तो रिपोर्ट कुठे गेला. तेव्हापासून बाकीच्या रिपोर्टांकडेही मी त्याच नजरेने बघायला लागलेय.

माझी धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. त्यांना कुशीवर वळवायचं, आंघोळ घालायची, औषधं वेळेवर द्यायची, रात्री कोणी घाबरलं तर हात धरून बसायचं. ती एक दिवस गेली नाही तर कोणाच्या तरी पाठीला जखमा होतात, इतकं ते सरळ आहे. आणि तिचा पगार माझ्या पगाराच्या पाव हिस्साही नाही. ती थकते, पण आपण काय करतो हे तिला कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मला लागतं.

माझे प्रश्न असे की समाजाला एखाद्या कामाचा किती उपयोग होतो आणि त्या कामाचे किती पैसे मिळतात याचा काही संबंध आहे का, नसेल तर का नाही? हे भांडवलशाहीचंच आहे की पूर्वीपासून असंच चालत आलंय? आणि सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न, कामात अर्थ सापडत नाही हा माझा दोष आहे का? 'तुमची पॅशन शोधा' असले सल्ले कृपया नकोत, ते ऐकून झालेत.

तळटीप:

संबंध आहे, पण तुम्ही शोधताय तो नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली अर्थशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हे कोडं मांडून ठेवलंय, पाण्यावाचून माणूस मरतो आणि हिऱ्यावाचून कोणाचं काही अडत नाही तरी पाणी स्वस्त आणि हिरा महाग. नीट उत्तर मिळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं लागली, १८७० च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा या तिघा अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळं काम करून ते दिलं, की किंमत त्या वस्तूच्या एकूण उपयोगावरून ठरत नाही, आणखी एक नग मिळाल्याने किती फरक पडतो यावरून ठरते. पगाराचं गणित बऱ्यापैकी तसंच चालतं. तुमच्या बहिणीच्या कामावाचून किती जणांचं अडेल हे कोणी विचारत नाही. ती सोडून गेली तर तिच्या जागी दुसरं माणूस किती लवकर मिळेल आणि जो पैसे देतोय त्याला तिच्या कामातून काय मिळेल एवढंच बघितलं जातं. त्यात अंथरुणावरच्या माणसाकडे फारसे पैसे नसतातच, आणि बाजाराला फक्त तीच गरज दिसते जिच्या मागे पैसे उभे आहेत.

आता यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. स्मिथचा अंदाज होता की जे काम घाणीचं, कष्टाचं किंवा धोक्याचं असेल त्याला भरपाई म्हणून जास्त मजुरी मिळावी लागेल. ऐकायला अगदी रास्त. पण जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये स्पष्ट लिहिलं की प्रत्यक्षात उलटं दिसतं, खरोखर थकवणाऱ्या आणि किळसवाण्या कामांनाच सगळ्यात कमी पैसे मिळतात, कारण ती ज्यांना दुसरं काही मिळत नाही त्यांच्या वाट्याला येतात. म्हणजे ज्याला 'नाही' म्हणता येतं त्यालाच भरपाई मिळते. आणि नाही म्हणायची ताकद मुळात सगळ्यांकडे सारखी नसते, ती घरच्या पैशातून येते, शिक्षणातून येते, संघटनेतून येते.

आणि हे फक्त बाजाराचे विरोधकच म्हणतात असंही नाही. हायेक हा बाजारव्यवस्थेचा कट्टर समर्थक, पण त्याने १९६० मध्ये सरळ लिहिलंय की बाजारात मिळणारा मोबदला हा माणसाच्या नैतिक लायकीचं माप नाही आणि तसा दावाही करू नये. त्यामुळे पगार बघून स्वतःची किंवा बहिणीची किंमत ठरवू नका, बाजाराची बाजू घेणारेसुद्धा ते करत नाहीत, निदान विचार करणारे तरी.

पूर्वीपासून असंच होतं का? कष्ट करणाऱ्याला खाली बसवणं फार जुनं आहे, अ‍ॅरिस्टॉटलचं मत होतं की हाताने काम करणाऱ्या कारागिराला सद्गुणी नागरिकाचं आयुष्य जगताच येत नाही. पण तेव्हा कोणी त्याला असं सांगत नव्हतं की बाबा तुझी मेहनत कमी पडली म्हणून तू खाली आहेस. हे नवीन आहे. आता प्रत्येकाच्या तासाला एक आकडा लागतो, ते आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात, आणि तो आकडा आपण स्वतःच कमावलेला आहे असं आपण मानून चालतो.

अर्धविराम:

पानगळ, तुमचा तो बंद झालेला रिपोर्ट वाचून एकदम अर्थतज्ज्ञ केन्स आठवला. १९३० मध्ये, म्हणजे महामंदी नुकतीच सुरू झालेली असताना, त्याने एक निबंध लिहिला की शंभर वर्षांत उत्पादकता इतकी वाढेल की आठवड्याला १५ तास काम पुरेल, आणि तेही गरज म्हणून नाही, तर माणसाला रिकामं बसवत नाही म्हणून वाटून घ्यायचं. २०३० आता जवळ आलंय. श्रीमंत देशांतली उत्पादकता तो म्हणाला त्याच्या आसपास वाढली, आणि १५ तासांचा आठवडा कुठेच आला नाही.

मग ते वाचलेले तास गेले कुठे? काही भाग साहजिकच जास्त वस्तू हव्यात म्हणून गेला. पण डेव्हिड ग्रेबर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये एक छोटा लेख लिहिला आणि तो जगभर फिरला, त्याचं म्हणणं असं की कितीतरी नोकऱ्या अशा आहेत की त्या करणारालाच मनातून माहीत असतं की या नाहीशा झाल्या तर जगाला काडीचा फरक पडणार नाही, आणि तरी तसं नसल्याचं नाटक रोज करावं लागतं. त्याने त्याचे प्रकारही पाडले, साहेबाचं महत्त्व वाढवायला ठेवलेली माणसं, दुसऱ्याच्या चुकांवर ठिगळ लावणारी, कागदावर खूण करून काम झालं असं दाखवणारी, ज्यांना देखरेखीची गरज नाही त्यांच्यावर देखरेख करणारी. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये एक पाहणी झाली त्यात ३७ टक्के नोकरदार म्हणाले की आपल्या कामाने जगात काही अर्थपूर्ण भर पडत नाही. तुमच्यासारखे किती जण असतील विचार करा. तुमचा दोष वगैरे काही नाही, मला तर उलट वाटतं की ज्याला हे खुपत नाही त्याने काळजी करावी.

ग्रेबरचा जो मुद्दा मला पटतो तो हा की आपण असं धरून चालतो की खाजगी कंपनी नफ्यासाठी चालते तेव्हा ती फुकटचं माणूस ठेवणारच नाही. पण मोठ्या कंपनीच्या आत बाजार नसतो, तिथे दरबार असतो. ज्याच्या हाताखाली जास्त माणसं तो मोठा. त्या माणसांना काहीतरी काम द्यावं लागतं, त्याचे रिपोर्ट होतात, ते रिपोर्ट तपासायला आणखी माणसं लागतात.

तिसरी_पाळी:

ग्रेबर मीही वाचलाय, चीड खरी आहे त्याची. पण त्याच्या आकड्यांवर फार भार टाकू नका. २०२१ मध्ये सोफिया, वुड आणि बर्शेल या तिघांनी युरोपातल्या मोठ्या पाहण्यांचा डेटा काढून तपासलं तर २०१५ मध्ये आपलं काम उपयोगाचं नाही म्हणणारे ५ टक्क्यांच्या आत निघाले, आणि प्रमाण वाढत नव्हतं, २००५ पेक्षा कमी झालं होतं. प्रश्न विचारायची पद्धत वेगळी होती हे खरंय, जगात अर्थपूर्ण भर पडते का असं विचारलं की लोक एक उत्तर देतात आणि उपयोगाचं काम करताय असं वाटतं का विचारलं की दुसरं. मग २०२३ मध्ये अमेरिकेतला डेटा घेऊन सिमॉन वालो यांनी बघितलं तर १९ टक्के, आणि फायनान्स, सेल्स, मॅनेजर या लोकांत जास्त, म्हणजे तिथे ग्रेबरला थोडा आधार मिळाला. भांडण मिटलेलं नाही.

पण मला त्या २०२१ च्या अभ्यासातली जी गोष्ट जास्त लागली ती ही की निरुपयोगी वाटण्याचं प्रमाण कचरा उचलणाऱ्यांत आणि साफसफाई करणाऱ्यांत जास्त होतं. बघा हं, ज्यांचं काम नजरेला दिसतं, ज्यांच्यावाचून आठवडाभरात सगळ्यांचं नाक दाबायची पाळी येईल, त्यांना वाटतंय आपण निरुपयोगी. आणि कधी वाटतं तर वरचा माणूस आदराने वागवत नाही, आपल्या कल्पना वापरायला देत नाही, उसंत देत नाही, तेव्हा. अभ्यासकांनी याचा धागा ग्रेबरकडे न नेता मार्क्सकडे नेला, १८४४ च्या टिपणांकडे, परात्मतेकडे, म्हणजे माणूस आपल्याच कामापासून तुटून परका होतो त्याकडे.

मी शॉप फ्लोअरवर आयुष्य काढलंय म्हणून मला ते पुस्तकातलं वाटत नाही. मार्क्स तिथे म्हणतो की मजुरीवर काम करणारा माणूस चार गोष्टींपासून तुटतो, आपण बनवलेल्या वस्तूपासून, बनवण्याच्या क्रियेपासून, माणूस म्हणून आपल्यात जे आहे त्यापासून आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसापासून. यातली दुसरी मी रोज बघितलीय. हात चालू असतात आणि माणूस तिथे नसतो. सुट्टीचा भोंगा झाला की चेहरे बदलतात. आणि हे फक्त मार्क्सला दिसलं असं नाही, स्मिथनेच टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण देऊन सांगितलं की काम वाटून घेतलं तर दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या काढतात, सगळे तेवढंच लक्षात ठेवतात, पण त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात तो म्हणतो की जन्मभर दोन-चार सोप्या क्रिया करणाऱ्याची बुद्धी मंदावते, माणूस जितका अज्ञानी होऊ शकतो तितका होतो, आणि सरकारने त्यावर काहीतरी केलं पाहिजे. हे पान कोणी उघडत नाही.

फोर्डचंच घ्या ना. १९१३ मध्ये हलती असेंब्ली लाइन सुरू केली आणि लोक इतके सोडून जायला लागले की त्या वर्षी कामगार बदलण्याचं प्रमाण ३७० टक्क्यांवर गेलं, म्हणजे एका जागेसाठी वर्षात तीन-चार माणसं घ्यायची. मग जानेवारी १९१४ मध्ये दिवसाची कमाई जवळजवळ दुप्पट केली, आणि ती मिळवायची तर कामगार घरी कसा राहतो हे बघायला कंपनीची माणसं घरी येणार ही अट. त्याला सगळे उदारपणा म्हणतात. मी त्याला असं बघतो की कामातून जे काढून घेतलं त्याची ती किंमत होती. वाढीव पैसे घ्या आणि अर्थ विचारू नका. पानगळ, तुमच्याशीही तोच सौदा झालाय, फक्त लाइनच्या जागी स्प्रेडशीट आहे.

ओवी१२:

वरचे सगळे प्रतिसाद वाचले, चांगले आहेत, पण मला मध्येच थांबवायचंय कारण सगळी चर्चा पानगळ यांच्या पोकळ कामाची चाललीय आणि बहिणीचं काम नुसतं उदाहरणापुरतं राहिलंय. मी रुग्णसेवेत आहे. आणि मला हे सांगायचंय की 'तुमच्या कामात किती अर्थ आहे' हे वाक्य आमच्यावर वापरलं जातं. पगारवाढ मागितली की सेवाभाव आठवून दिला जातो. रजा मागितली की पेशंटचे चेहरे दाखवले जातात. आम्ही संपावर जाऊ शकत नाही कारण माणूस मरेल, आणि आम्ही संपावर जाऊ शकत नाही म्हणूनच आमचं मागणं मागे ठेवता येतं. तळटीप यांनी नाही म्हणायची ताकद म्हटलंय ना, तर जे काम खरंच माणसांसाठी असतं त्यात ती ताकद आतूनच कमी होते, तुम्हाला त्या माणसाची काळजी असते म्हणून. २०२० मध्ये सगळीकडे अत्यावश्यक कामांच्या याद्या निघाल्या, कोणावाचून चालत नाही हे सरकारांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पगाराचे तक्ते कोणी उलटे केले नाहीत.

आणि हा तर पगार मिळणाऱ्यांचा हिशोब झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांतली वेळ-वापराची माहिती गोळा करून सांगितलं की जगात रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी देखभालीच्या कामात जातात, म्हणजे २ अब्ज माणसं रोज आठ तास फुकट काम करतायत असं धरा, आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त काम बायका करतात. पिगू नावाच्या अर्थतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की घरकाम करणाऱ्या पगारी बाईशी मालकाने लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. काम तेच, हात तेच, घर तेच. फक्त पगार थांबला म्हणून ते काम हिशोबातून गेलं. ज्या पद्धतीत असं होतं तिला समाजोपयोगी काय हे विचारायला जाऊच नये असं माझं मत आहे.

२४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस सगळं काम थांबवलं, नोकरीतलंही आणि घरातलंही. बँका, शाळा, दुकानं अडली, बापांना मुलं घेऊन कामावर जावं लागलं. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला आणि १९८० मध्ये तिथे विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. एका दिवसाने सगळं झालं असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी ते काम दिसलं तरी.

तुमच्या बहिणीला कृपया असं सांगू नका की तुझं काम किती अर्थपूर्ण आहे गं, मला हेवा वाटतो. तिला विचारा की तिच्या पाळीत एका माणसामागे किती पेशंट आहेत आणि कंबर किती दुखते.

पानगळ:

ओवी, तुमचं शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. विचारते तिला, आजच.

पण मग माझ्यापुढे असं कोडं आहे की अर्थाच्या नावाखाली तुम्हाला लुबाडतात, आणि पैशाच्या बदल्यात माझा अर्थ काढून घेतात, तर मग नोकरीकडून अर्थाची अपेक्षाच सोडून द्यावी का? माझा एक मित्र हेच म्हणतो, आठ तास विकायचे, उरलेल्यात जगायचं, कामाला देव करू नकोस. ऐकायला बरं वाटतं, पण आठ तास म्हणजे जागेपणीचा निम्मा दिवस, तो मेलेला धरून उरलेल्यात जगणं मला जमत नाहीये.

संधिकाल:

तुमच्या मित्राचं म्हणणं मी काही काळ जगून बघितलंय, म्हणजे नोकरी गेली तेव्हा, आणि तेव्हा वाटलं होतं आता वेळच वेळ, राहिलेलं सगळं वाचू, करू. काही झालं नाही. दिवस पसरट झाले, दुपार आणि संध्याकाळ यात फरक राहिला नाही, आणि घरातल्यांनी 'आज काय केलंस' विचारलं की राग यायचा. मला वाटायचं मीच आळशी. मग मारिएनथालबद्दल वाचलं. ऑस्ट्रियातलं व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, सगळं गाव एका कापड गिरणीवर, ती १९२९-३० मध्ये बंद पडली. मारी याहोदा, लाझार्सफेल्ड आणि झायझेल यांनी तिथे राहून अभ्यास केला तो १९३३ मध्ये छापून आला. लोकांना वाटेल रिकामी माणसं जास्त वाचत असतील, तर वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली, वर्गणी माफ केली तरी. रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांचा वेग कमी झालेला त्यांनी मोजला. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण त्यांचं घरचं काम सुटलं नव्हतं, ओवी यांना हे लगेच कळेल.

याहोदाने पुढे यावरून मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते, दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, एकट्याला न जमणाऱ्या कामात सहभाग, समाजात एक जागा आणि हातपाय हलवत ठेवणारी सक्ती. कंटाळवाण्या नोकरीतूनही यातलं बरंचसं मिळतं, म्हणून ती गेली की माणूस पैशाच्या पलीकडे कोसळतो. म्हणून मला कामाला देव करू नकोस हे पटतं, पण काम म्हणजे फक्त विकलेले तास हे पटत नाही. तुमच्याकडे बाकीच्या गोष्टी आहेत आणि त्या पाचांतली तिसरी तेवढी सुटलीय, रिपोर्टमधून काही एकत्र घडतंय असं दिसत नाही. त्रास खरा आहे आणि नेमका आहे.

अर्थात याहोदाची यादी वाचून मला एक राग पण येतो, की या पाच गोष्टी फक्त मालकाच्या दारात का मिळाव्यात? तिने त्या नोकरीच्या गुणगानासाठी लिहिलेल्या नाहीत हे खरं, पण आज ते तसंच आहे, नोकरी गेली की ओळख पण गेली.

तळटीप:

पानगळ, संधिकाल, दोघांचं वाचलं. एक अडचण मांडतो कारण तिसरी_पाळी यांचा रोख मालकीकडे जातोय. मालकी बदलली की अर्थ परत येतो असं इतिहासात दिसत नाही. १९१८ मध्ये लेनिननेच टेलरच्या पद्धतीचं कौतुक केलं, तीच घड्याळ लावून कामगाराची प्रत्येक हालचाल मोजायची पद्धत, आणि म्हणाला यातलं शास्त्रीय ते आपण घ्यायलाच हवं. सोव्हिएत कारखान्यात मालक गेला, साहेब राहिला, वर कोटा आला. काय बनवायचं हे बाजाराऐवजी मंत्रालयाने ठरवलं आणि लोकांना नको असलेल्या वस्तूंचे ढीग आणि हव्या असलेल्यांच्या रांगा दोन्ही झालं. किंमत गरज नीट मोजत नाही हे मी वर कबूल केलंच आहे, पण ती काहीतरी मोजते. तुम्ही म्हणता समाजोपयोगी काम, ठीक, ते उपयोगी आहे हे कोण ठरवणार?

तिसरी_पाळी:

रास्त प्रश्न आहे आणि मला तो टाळायचा नाही. सोव्हिएतबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य, तिथेही करणारा आणि ठरवणारा वेगळाच राहिला, म्हणून तर माझा भर कागदावरच्या मालकीपेक्षा ठरवण्यावर आहे.

लुकास एरोस्पेसचं प्रकरण बघा. ब्रिटनमधली कंपनी, विमानांचे भाग बनवणारी, निम्म्याच्या आसपास काम लष्करी. १९७० च्या दशकात माणसं कमी करायचं चाललं होतं. वेगवेगळ्या प्लांटच्या युनियन प्रतिनिधींनी, त्यात कारागीरही आणि डिझाइन इंजिनिअरही, एकत्र समिती केली आणि नुसतं कपात नको म्हणण्याऐवजी सांगितलं की आमच्याकडे ही कौशल्यं आहेत, ही यंत्रं आहेत, यातून लोकांना लागणाऱ्या वस्तू बनवता येतील, त्या आम्हाला बनवू द्या. आधी त्यांनी विद्यापीठांना, तज्ज्ञांना, संस्थांना पत्रं लिहून कल्पना मागितल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उत्तरं आली. मग त्यांनी आपल्याच माणसांना विचारलं. १९७६ मध्ये जो आराखडा तयार झाला त्यात सुमारे १५० वस्तू होत्या, डायलिसिसची यंत्रं, हीट पंप, पवनचक्क्या, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारी गाडी, पाठीच्या कण्याच्या जन्मजात आजाराच्या मुलांसाठी स्वतः चालवायची गाडी. आता आपण ज्या हीट पंपासाठी जगभर अनुदानं देतोय तो. मॅनेजमेंटने आराखडा नाकारला, त्यातला एक पुढारी माइक कूली याला १९८१ मध्ये नोकरीवरून काढलं, त्याच वर्षी त्याला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पण तळटीप, तुमच्या 'कोण ठरवणार' याला हे एक खरं उत्तर आहे, ज्यांना बनवता येतं आणि ज्यांना ते वापरायचंय त्यांनी एका टेबलावर बसून. ते चुकतील की नाही? चुकतील. मंत्रालयही चुकतं आणि बाजारही चुकतो, त्याचं बिल फक्त दुसऱ्याला जातं.

मालकीचंही सांगतो, स्पेनच्या बास्क भागात माँद्रागोनच्या सहकारी संस्था १९५६ पासून चालू आहेत, कामगार हेच मालक, वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर साधारण सहापटीच्या आसपास ठेवलेलं. त्यातली फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ मध्ये बुडाली, म्हणजे बाजार त्यांनाही सोडत नाही. पण तिथल्या पुष्कळ कामगारांना इतर सहकारी संस्थांत सामावून घेतलं गेलं. मारिएनथालमध्ये तसं करणारं कोणी नव्हतं.

आणि वेळेचं. केलॉग कंपनीने १९३० च्या डिसेंबरमध्ये मंदीत आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार केल्या, जास्त लोकांना काम मिळावं म्हणून. काही विभागांत ती सहा तासांची पाळी १९८५ पर्यंत टिकली, आणि शेवटपर्यंत धरून बसणाऱ्यांत बायका जास्त होत्या. केन्सने सांगितलेलं अशक्य नव्हतं, कुठेतरी पन्नास वर्षं चाललं ते.

ओवी१२:

लुकासचं पहिल्यांदाच कळलं. आमच्याकडे असं कोणी विचारलं तर आया, वॉर्डबॉय आणि नर्स मिळून एका दिवसात यादी देतील, कुठली खाट बदलायला हवी, कुठला फॉर्म फेकून द्यायला हवा, रात्रपाळीला किती माणसं हवीत. एकच भीती वाटते, अशा कल्पना मागून घेतात आणि मग त्याच वापरून माणसं कमी करतात. ते आमच्याकडे एकदा झालंय.

पानगळ:

बहिणीशी बोलले. तिच्या पाळीत एका माणसामागे चौदा जण आहेत. मला माहीत नव्हतं, आणि तिने कधी सांगितलंही नव्हतं, म्हणाली तू विचारलं नाहीस. ती आणि तिच्या बरोबरच्या दोघी-तिघी आधी एकत्र बसून हे लिहून काढणार आहेत, किती जण, किती वेळ, कोणाला काय झालं. आकडे साच्यात बसवायचं काम मला येतं, ते मी करून देणार आहे.

तिसरी_पाळी, लुकासवाल्यांनी आपल्या माणसांना नक्की काय विचारलं होतं, प्रश्न कसे होते ते माहीत आहे का?

तिसरी_पाळी:

प्रश्नावली पूर्ण माझ्याजवळ नाही, पण कूलीने तिच्याबद्दल जे सांगितलंय ते सांगतो. त्यांनी प्रश्न मुद्दाम अशा तऱ्हेने केले होते की उत्तर देणाऱ्याने स्वतःकडे दोन्ही बाजूंनी बघावं, बनवणारा म्हणूनही आणि वापरणारा म्हणूनही, कारण कारखान्याच्या दारातून आत गेलं की माणूस आपल्या घरात, गल्लीत कशाची गरज आहे हे बाहेर ठेवून येतो. सोबत प्रत्येक प्लांटमध्ये कोणाला काय येतं आणि कुठली यंत्रं आहेत याची यादी केली होती. तुमच्या बहिणीच्या बाबतीत त्यात आणखी एक जोडा, जमलं तर ज्यांची देखभाल होते त्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही विचारा, आणि ओवी म्हणतायत ती भीती खरी आहे तेव्हा लिहिलेल्याची एक प्रत बायांनी आपल्याजवळ ठेवावी, वर द्यायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवावं की यातलं काय द्यायचं आणि बदल्यात काय मागायचं.